ईराची नववी आणि ओक पार्कची शाळा

नेपरव्हिल, इलिनॉय
१४ मार्च

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

शिकागोची बदली पक्की झाली, घर ओक पार्कला बघताय आणि ईरा ऑगस्टमध्ये नववीत बसणार, हे वाचून बरं वाटलं. ‘शाळा कशी आहे ते सविस्तर कळव’ असं लिहिलंयस, म्हणून सविस्तरच लिहितो. ओक पार्क अँड रिव्हर फॉरेस्ट हायस्कूल, इथल्या बोलण्यात ओपीआरएफ. नववी ते बारावी, तीन हजारांवर मुलं, सरकारी, शिक्षणशुल्क नाही. शाळा जुनी आणि भरलेली आहे, पण कुणी बोट धरून तुम्हाला वर्गात नेऊन बसवणार नाही. जे हवं ते नेमक्या तारखेच्या आत मागावं लागतं. आणि सुरुवातीला घेतलेला एक निर्णय नंतर फिरवणं फार जड जातं: गणिताचा वर्ग. त्याबद्दल पुढे लिहितोच.

आधी पत्ता. प्रवेश पत्त्यावर मिळतो, गुणांवर नाही. घराच्या जाहिरातीत ‘ओक पार्कजवळ’ असं लिहिलेलं असेल तर सावध राहा. पूर्वेला ऑस्टिन बुलेव्हार्ड ही हद्द; रस्ता ओलांडला की शिकागो शहर आणि त्याची शाळाव्यवस्था वेगळी. दक्षिणेला रूझवेल्ट रोडपलीकडे बर्विन आणि सिसेरो, तिथली मुलं मॉर्टनच्या शाळांत जातात. हार्लेम अ‍ॅव्हेन्यूच्या पश्चिमेला जरा गंमत आहे: उत्तरेकडच्या भागात रिव्हर फॉरेस्ट लागतं, ते याच शाळेचं, पण दक्षिणेकडे फॉरेस्ट पार्क लागतं, ते प्रोव्हिसो जिल्ह्याचं. नावं सारखी, शाळा वेगळ्या. त्यामुळे करारावर सही करण्याआधी घरक्रमांकासह पत्ता डिस्ट्रिक्ट २०० च्या, म्हणजे या शाळेच्या शाळा-जिल्ह्याच्या, कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घे. शाळा स्कोव्हिल अ‍ॅव्हेन्यूवर आहे, ग्रीन लाइन या लोकल गाडीच्या रिजलँड स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ. तीच गाडी तुला लूपमध्ये, म्हणजे शिकागोच्या मध्यभागी, ऑफिसला नेईल. बरीच मुलं पायी किंवा सायकलनं येतात, तेव्हा घर घेताना शाळेपासूनचं चालत अंतर बघ.

आता कागदपत्रं. व्हिसा कुठला हा प्रश्न सरकारी शाळा विचारत नाही, एच-४ वर (नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आलेल्या मुलांना वेगळी परवानगी लागत नाही. भाडेकरार, वीज-गॅसची बिलं असे राहण्याचे पुरावे लागतात. जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत प्रवेशापासून ३० दिवसांत द्यावी लागते, तेव्हा महापालिकेकडून इंग्रजीतला दाखला आत्ताच काढून ठेव.

वैद्यकीय तपासणीचा राज्याचा ठरावीक फॉर्म आहे. तो इथल्या परवानाधारक डॉक्टरनेच भरायचा असतो, त्यामुळे कोल्हापूरच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट कितीही व्यवस्थित असलं तरी चालणार नाही. पण त्यांच्याकडून लसींची तारीखवार नोंद मात्र घे, सही-शिक्क्यासह. इथे तीन ठिकाणी आपली मुलं अडतात. कांजिण्यांचे दोन डोस लागतात, आपल्याकडे बऱ्याच मुलांना एकच झालेला असतो किंवा झालेलाच नसतो. गोवर, गालगुंड, रुबेला यांचे दोन-दोन डोस लागतात. सरकारी मोहिमेतल्या एमआर लसीत गालगुंड नसतं, म्हणून कार्डावर ‘एमआर’ लिहिलं असेल तर तो डोस गालगुंडासाठी मोजत नाहीत. आणि टीडॅप, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची मोठ्या मुलांची लस, आपल्याकडे सहसा राहूनच गेलेली असते. कुणी क्षयाची त्वचाचाचणी करायला सांगितली तर बीसीजी झाल्याचं आधी सांग आणि रक्तचाचणी मागून घे. बीसीजीमुळे त्वचाचाचणी फसवी येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, पुन्हा तपासण्या, असं लांबत जातं. इलिनॉयमध्ये पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्याला डोळ्यांची तपासणी लागते आणि नववीला दातांचीही. १५ ऑक्टोबरपर्यंत लसी आणि तपासणीचे कागद आले नाहीत तर मुलाला शाळेतून घरी पाठवतात.

आणखी एक फॉर्म: घरी कुठली भाषा बोलता? ‘मराठी’ लिहिलं की इंग्रजीची चाचणी होते, म्हणून काहीजण घाबरून ‘इंग्रजी’ लिहितात. खरं ते लिही. ईरा इंग्रजी माध्यमातली आहे, चाचणी पार करेल आणि विषय संपेल. मराठीचा उलट उपयोगच होईल. इलिनॉयने २०१३ मध्ये द्विभाषा प्रावीण्याच्या शिक्क्याचा कायदा केला. बारावी संपताना गुणपत्रकावर तो येतो. मराठी लेखन आणि संभाषणाची चाचणीही त्यासाठी आहे. मात्र शाळेने ती मान्य करायला हवी, त्यामुळे अकरावीतच शाळेच्या समुपदेशकाला विचारून ठेवायचं.

शाळेचा इतिहास तुला आवडेल, कारण तो गावाच्या इतिहासात गुंतलाय. शाळेची स्थापना १८७१ ची, म्हणजे ज्या वर्षी शिकागो जळालं त्याच वर्षीची. आगीनंतर माणसं शहराबाहेर सरकली आणि ही उपनगरं वाढली. सध्याची इमारत १९०७ मध्ये उघडली आणि मग ती सगळ्या बाजूंनी वाढत गेली. म्हणूनच आत शिरल्यावर पहिले काही दिवस ईरा हमखास चुकणार; वेळापत्रक हातात आलं की एकदा वर्गांच्या क्रमानं चालून बघायला सांग. पुलंनी ज्याचा म्हातारा कोळी मराठीत आणला, तो हेमिंग्वे १९१७ ला इथून बाहेर पडला. ‘ट्रॅपीझ’ हे शाळेचं वृत्तपत्र आणि ‘टॅब्युला’ हे नियतकालिक, दोन्हींत त्यानं लिहिलं. त्याचा पहिला छापील मजकूर जानेवारी १९१६ चा, शिकागो सिंफनीच्या कार्यक्रमाबद्दलचा. त्याची पत्रकारितेची शिक्षिका वर्ग वृत्तपत्राच्या कचेरीसारखा चालवायची. कॉलेजात तो गेलाच नाही, थेट कॅन्सस सिटीला बातमीदार झाला. त्याचं नाव गावात जरा जास्तच मिरवतात, पण मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते: ‘ट्रॅपीझ’ आजही मुलंच काढतात. ईराला लिहायची आवड आहे ना? मग पहिल्या सत्रातच तिनं त्यांना जाऊन भेटावं.

गावाची दुसरी बाजूही माहीत असू दे. रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन कृष्णवर्णीय होते. १९५० मध्ये त्यांनी ओक पार्कमध्ये घर घेतलं तेव्हा ते राहायला येण्याआधीच घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला. १९६८ मध्ये याच गावानं घरविक्रीत आणि भाड्यात वंशभेद करण्यावर बंदी घालणारा नियम केला. आज एक माध्यमिक शाळा ज्युलियन यांच्या नावानं आहे. हायस्कूलमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या निकालातली दरी हा इथला सगळ्यात तापलेला विषय. २०१५-१६ चं पूर्ण वर्ष एका माहितीपट-मालिकेसाठी वर्गावर्गांतून चित्रित झालं तेही याच प्रश्नावर. पुढे २०२२ मध्ये शाळेनं नववीचं इंग्रजी, इतिहास, विज्ञान आणि परभाषा या विषयांत ‘साधा’ आणि ‘ऑनर्स’ (वरच्या पातळीचा) असे वेगळे वर्ग काढून टाकले. सगळ्यांना एकच, ऑनर्सच्या पातळीचा अभ्यासक्रम. त्याच सुमारास ‘ही शाळा वंश बघून गुण देणार’ अशी बातमी पसरली होती. शाळेनं ती साफ नाकारली आणि तसं काही झालंही नाही. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर पुढे ढकलू नकोस.

म्हणजे नववीत या विषयांसाठी तुला काहीच निवडायचं नाही. राहिलं गणित, आणि तिथे वेगवेगळे वर्ग आहेत.

इथली साखळी अशी: अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, मग एपी कॅल्क्युलस (एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय). एकेका वर्षाला एक. नववीला अल्जिब्रा १ मध्ये बसलं तर बारावीला प्रीकॅल्क्युलसशी गाडी थांबते. इंजिनिअरिंगकडे जायचं असेल तर ते कमी पडतं, कारण चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत बारावीपर्यंत कॅल्क्युलस झालेली मुलं भरपूर असतात. नववीला जॉमेट्री मिळाली तर बारावीला कॅल्क्युलस बसतं. अडचण ही की आपल्या गुणपत्रकावर नुसतं ‘गणित’ लिहिलेलं असतं. समुपदेशकाला त्यातून काही कळत नाही आणि तो सुरक्षित म्हणून अल्जिब्रा १ देतो. त्याचा दोष नाही.

ईराचं राज्य मंडळाचं आठवीचं गणित दोघांच्या मधोमध पडतं. अवयव पाडणं, घातांक, एका चलातली समीकरणं, त्रिकोणांची एकरूपता, समांतर रेषा, हे तिचं झालंय. म्हणजे जॉमेट्रीचाही थोडा भाग झालाय. राहिलंय ते असं: रेषेचा चढ आणि तिचं समीकरण, दोन चलांची एकसामयिक समीकरणं, वर्गसमीकरण आणि त्याचं सूत्र, आणि फलनाची मांडणी. एप्रिल ते जुलै एवढ्यावरच भर दे. बाहेरचा क्लास लावायची गरज नाही. नववी-दहावीच्या बीजगणितातले तेवढे धडे आणि इंटरनेटवरचे अल्जिब्रा १ चे सराव पेपर पुरतात. दोन गोष्टींत आपली हुशार मुलंही चुकतात: इंच-फूट-मैल यांच्यातली गणितं आणि ग्राफिंग कॅल्क्युलेटर. दुसऱ्याची सवय नसते, मग सोप्या प्रश्नाला हातानं आलेख काढत बसतात आणि वेळ जातो. टीआय-८४ इथे सगळीकडे चालतो. जुना, वापरलेला घेतलास तरी हरकत नाही.

पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका इंग्रजीत करून घे. समुपदेशकाची वेळ ईमेलवर जुलैतच माग आणि ‘जॉमेट्रीसाठी पात्रता चाचणी द्यायची आहे’ असं स्पष्ट लिही. इथल्या मुलांनी आपले विषय हिवाळ्यातच निवडलेले असतात, त्यामुळे ऑगस्टपर्यंत वर्ग भरत आलेले असतात. चाचणी नाही जमली तरी वाट बंद होत नाही, फक्त लांब पडते: पुढच्या उन्हाळ्यात जॉमेट्री करता येते, किंवा एखाद्या वर्षी दोन गणितं एकदम. दुसरा मार्ग घेतला तर कलेचा तास जातो, म्हणून मी उन्हाळाच सुचवेन.

एपीबद्दल थोडक्यात. परीक्षा मे महिन्यात, गुण १ ते ५. इलिनॉयच्या सरकारी विद्यापीठांना ३ किंवा अधिक गुणांना क्रेडिट द्यावंच लागतं. पण एपी गोळा करत सुटू नका. राज्याची अकरावीची परीक्षा आधी एसएटी होती, २०२५ पासून एसीटी झाली आहे; दोन्ही कॉलेजप्रवेशासाठी वापरल्या जाणाऱ्या परीक्षा. जुनी पुस्तकं कुणी देऊ केली तर नाव बघून घे. पदवीसाठी अमेरिकेच्या आणि इलिनॉयच्या संविधानाची परीक्षाही पास व्हावी लागते.

आता कला. इथे रेंगाळतो, कारण या शाळेची खरी ताकद मला इथे दिसते. १९९९ पासून इथे सादर करायच्या कवितेचा, म्हणजे ‘स्पोकन वर्ड’चा उपक्रम आहे. तो नुसता क्लब नाही, नववीच्या इंग्रजीच्या वर्गांतही येतो. त्यातून निघालेल्या कवींची पुस्तकं छापली गेली आहेत. या मंडळींचा एक आवडता प्रकार म्हणजे ‘गोल्डन शॉव्हल’. शिकागोच्या कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स, १९५० मध्ये पुलित्झर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका, त्यांच्या सन्मानार्थ टेरन्स हेज या कवीनं हा प्रकार सुरू केला. ब्रूक्सबाईंची एक ओळ घ्यायची. ओळीत सात शब्द असतील तर आपली कविता सात ओळींची, आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द म्हणजे त्या मूळ ओळीतला एकेक शब्द, त्याच क्रमानं. उजव्या कडेनं वर-खाली वाचलं की मूळ ओळ सापडते. आपल्या समस्यापूर्तीची ही अमेरिकन मावसबहीण म्हण. नवशिका इथे फसतो तो ओळ निवडताना: गाजलेली म्हणून उचलतो आणि तिच्यात ‘द’, ‘ऑफ’, ‘अँड’च जास्त निघतात. अशा शब्दांवर ओळ संपवली की ती लुळी पडते. उपाय हाच की वाक्य ओळीशी संपवायचं नाही, पुढच्या ओळीत ओतायचं.

स्पर्धेच्या सादरीकरणाला साधारण तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सवलत, त्यापुढे गुण कापतात. पाच परीक्षक, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा गुण वगळून तिघांची बेरीज, म्हणजे कमाल ३०. वेशभूषा नाही, वस्तू नाही, वाद्य नाही. ईरानं वक्तृत्व स्पर्धा गाजवल्यात, त्यामुळे तिला धीर आहे, पण ‘आदरणीय व्यासपीठ’वाला सूर आणि मोजून केलेले हातवारे इथे कृत्रिम वाटतील. आवाज खाली ठेवून बोलायचा सराव करायला सांग.

संगीतात तबल्याला थेट जागा नाही. बँडच्या तालवाद्यांत शिरायचं तर पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता यावं लागतं, शिवाय स्नेअर (ढोल) आणि मॅलेट (काठ्यांनी वाजवायची झायलोफोनसारखी स्वरवाद्यं) दोन्ही वाजवावं लागतं. ती गातेही असं वहिनींनी लिहिलंय, मग गायनवृंद सोपा. इथल्या ‘डो-रे-मी’तला डो आपल्या सा-सारखाच हव्या त्या पट्टीत हलवता येतो, त्यामुळे सरगम पक्की असलेली मुलं कानानं लवकर पकडतात. अडतात ती कागद बघून गाताना आणि दुसऱ्या आवाजाची पट्टी शेजारी चालू असताना आपली धरून ठेवताना. रोज दहा मिनिटं कागद वाचायचा सराव आत्तापासून केला तरी पुष्कळ फरक पडेल.

खेळ. शाळेचं नाव हस्कीज, रंग नारिंगी-निळा, सामने वेस्ट सबर्बन कॉन्फरन्सच्या सिल्व्हर गटात. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात या शाळेला मान आहे: बॉब झुप्की १९१० ते १९१२ इथे प्रशिक्षक होता, मग इलिनॉय विद्यापीठात गेला आणि १९४१ पर्यंत राहिला. अलीकडचं म्हणशील तर कुस्तीत २०१४, २०१५, २०१६ असं सलग तीन वर्षं सांघिक राज्यविजेतेपद. मुलींच्या सॉफ्टबॉलचं २०१५ आणि २०१६ ला. तू कोल्हापूरचा, म्हणून कुस्तीबद्दल चार ओळी जास्त. इथली हायस्कूलची कुस्ती ‘फोकस्टाइल’, म्हणजे ऑलिंपिकमधली नव्हे. खालच्या मल्लानं सुटणं आणि वरच्यानं त्याला दाबून ठेवणं याला महत्त्व. पाठ नुसती मातीला लागून भागत नाही, दोन्ही खांदे दोन सेकंद टेकवून धरावे लागतात. वजन उतरवण्यावर कडक बंधनं आहेत: हंगामाआधी शरीरातल्या पाण्याची आणि चरबीची चाचणी, मुलांना ७ आणि मुलींना १२ टक्क्यांखाली चरबी चालत नाही, आणि आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवायचं नाही. मुलींच्या कुस्तीची राज्यस्पर्धा २०२२ पासून सुरू झाली आहे. ईराला आजोबांच्या तालमीचं कौतुक आहे, तेव्हा सांगून ठेवलं.

बॅडमिंटन म्हणशील, तर इलिनॉयमध्ये तो राज्यस्तरावर मुलींचाच खेळ आहे आणि वसंतात असतो. मुलींचं टेनिस, पोहणं, व्हॉलीबॉल शरद हंगामात. माझं मत विचारशील तर तिनं क्रॉस कंट्री, म्हणजे मोकळ्या मैदानातली लांब पल्ल्याची धाव, घ्यावं. या खेळात बहुतेक शाळा कुणाला गाळत नाहीत, अंतर तीन मैल, लागतात ते फक्त बरे बूट, आणि शाळा सुरू व्हायच्या आधीच सराव सुरू होत असल्यानं पहिल्या दिवशी डबा खायला ओळखीची माणसं असतात. नवीन मुलीला याचं मोल किती ते तुला सांगायला नको. फक्त येऊन एकदम तीन मैल पळायला लागली तर नडगी धरेल. मे-जूनमध्ये आठवड्यातून चार दिवस, एक किलोमीटरपासून हळूहळू वाढवत आणा.

खेळासाठी वेगळी वैद्यकीय तपासणी लागते, ती ३९५ दिवस चालते. शाळेच्या वैद्यकीय फॉर्मची तपासणी आणि ही, दोन्ही डॉक्टरांच्या एकाच भेटीत करून घे, नाहीतर दोनदा पैसे. सराव ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो; त्या दिवशी कागद नसेल तर मैदानात उतरू देत नाहीत. खेळत राहायचं तर दर आठवड्याला २५ क्रेडिट-तासांचे, म्हणजे साधारण पाच विषय पास असावे लागतात. परदेशातून आलेल्या मुलाची पात्रता राज्याची क्रीडासंघटना तपासते, तो फॉर्म शाळेच्या क्रीडा विभागाकडून माग, आपोआप येत नाही.

पोहण्याच्या तलावांची कथा ऐकून हसशील. शाळेचे जुने दोन्ही तलाव १९२८ चे. नवीन बांधायला कर्जरोखे काढू का, यावर नोव्हेंबर २०१६ मध्ये गावाचं मतदान झालं आणि प्रस्ताव अवघ्या २८ मतांनी पडला. शाळेचा खर्च मुख्यतः घरपट्टीतून चालतो, त्यामुळे इथे भिंत हलवायची तरी आधी वर्षानुवर्षं भांडण. शाळा मंडळावर सात निवडून आलेले, बिनपगारी सभासद असतात. आपल्याला मत नाही, पण बैठकीत नाव नोंदवून बोलता येतं, आणि बोलावं.

आता ईराच्या सहावी ते आठवीच्या गणिताच्या अनुक्रमणिका आणि लसीचं कार्ड स्कॅन करून पाठव. शाळेच्या विषययादीशी ताडून कुठले धडे राहिलेत त्यावर खुणा करून परत पाठवतो. घराचे दोन-तीन पत्ते नक्की झाले की तेही कळव. वहिनींना नमस्कार, ईराला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद